जोडावरची टोपी

"दोन्ही तळवे लावा शेठ. आजून! आजून दाबा!"

गाडीत बसलेला सहादू समोरच्या काचेभोवतीच्या रबराच्या खाचेतली दोरी इंचाइंचानं ओढत होता. बाहेर इंदिरानगरच्या उन्हात गोरक्षशेठ साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत झालेल्या नव्या काचेवर सगळं अंग टाकून उभे होते. एवढं दाबायची खरं तर गरज नव्हती. पण शेठना घाम फुटलेला सहादूला बघायचा होता.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच फियाटची काच बसवताना टोपी हरवली होती. काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीची दोन टोकं खाली मध्यावर जुळतात, तो जोड झाकणारी बोटभर टोपी. सहादू कामाला होता त्या गॅरेजात शेठनी चारचौघांसमोर त्याचे खिसे उलटे केले, जेवणाचा डबा पालथा केला. टोपी निघाली नाही, भाकरी तेवढी धुळीत पडली. तरी चोर तोच ठरला. त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, तो डबा आठ दिवस राखेनं घासला. नळावर बाया तिला 'चोराची बायको' म्हणायच्या. तिच्या मनातून ते शेवटपर्यंत गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती मात्र गेली.

म्हणूनच शेठचा निरोप येताच सहादू धावत आला होता. दोरीनं काच बसवणारं दुसरं कोणी त्यांना मिळेना, आणि रविवारी तर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. काच आणि पत्र्याच्या मधे खडा सारायचा, पहिल्याच खड्ड्यात काच तडकेल, असा बेत करून सहादू खडा खिशात घेऊनच निघाला होता.

पण सकाळी जुनी काच काढली आणि तिच्याखालच्या खळग्यात, कुजक्या पानांच्या गाळात, तीच टोपी हाताला लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता! सहादूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठ चहा सांगायला आत गेले होते. त्यानं टोपी पुसली आणि खडा फेकून दिला.

काच बसली, पट्टी बसली. जोडाशी बोटभर फट राहिली.

"तेवढ्यावरच नंबर जाईल बघ," शेठ हळहळले. "वडिलांची गाडी. मुंबई पालथी घातली, पण तशी टोपी नाही मिळाली." मग आवाज उतरला. "सहादू, तेव्हा माझं जरा जास्तच झालं रे."

सहादूनं आपले खिसे उलटे केले. पिशवीतला, मालनबाईनं घासलेला तोच डबा त्यांच्यापुढं धरला.

"हा बी उघडून बघा शेठ. तुमची रीतच हाय ती."

"लाजवू नको. ठेव तो."

"नाय, बघाच."

"नको म्हटलं ना!" शेठनी मान फिरवली.

"मंग बोल लावू नका," म्हणत सहादूनं डबा पिशवीत ठेवला. शिक्षा केव्हाच भोगून झाली होती. गुन्हा तेवढा राहिला होता.

फाटकाबाहेर आल्यावर त्यानं डबा उघडला, फडक्यात गुंडाळलेली टोपी सोडवून आत मोकळी टाकली आणि झाकण लावलं. डबा हलवला तशी ती खणखणली.

"ऐकतीस ना मालन?" तो म्हणाला आणि नाशिक रोडच्या बसथांब्यापर्यंत डबा वाजवत गेला.