धामणगावातली कळसूबाई

गावामागच्या डोंगरावर एकदा नाही, दिवसभर वर-खाली करत राहायचं, हे सुनेचं खूळ ऐकून अन्नपूर्णाबाई आधी पोट धरून हसल्या.

संजीवनीचं माहेर भंडारदऱ्याकडचं. दर दिवाळीला ती भावांबरोबर कळसूबाईचं शिखर चढायची. यंदा मक्याची सोंगणी लांबली आणि माहेरी जाणं राहिलं. मग तिनं ठरवलं, कळसूबाईची चढण इथंच, धामणगाव बढ्याच्या डोंगरावर खेपा घालून तेवढीच भरून काढायची. किती चढून झालं ते मोबाईल सांगेल.

"मंग मी बी येतो," सासूबाई म्हणाल्या. "एकटीले काऊन पाठवू?"

पहिल्या खेपेला त्या दर दगडाला थांबल्या. माथ्यावर पोचल्या तेव्हा वारं पदरात शिरलं. खाली शेत, विहीर, पत्र्याचं घर.

"अवं संजीवनी, आपलं घर तं काडेपेटीवाणी दिसून राह्यलं!"

सासरी आल्यापासून हा डोंगर त्या रोज पाहत होत्या, चढल्या मात्र आजच. त्यांना काय झालं कुणास ठाऊक. उतरताना त्या वाळल्या गवतावर बसून घसरल्या आणि खालून ओरडल्या, "चाल, पुन्हा!" दुसऱ्या खेपेला पुढे त्याच.

दुपारी भाकरी घेऊन सासरे भगवंतराव आले, ते रागानंच. बायको आणि सून येड्यावाणी डोंगर चढून राहिल्यात, असं गावभर झालं होतं. त्यांना झापायला ते तडक वर चढले; पण माथ्यावर पोचेपर्यंत दम असा लागला की तोंडातून शब्द फुटेना. अन्नपूर्णाबाईंनी झाडाचं पिकलं सीताफळ फोडून त्यांच्या हातात दिलं.

तेवढ्यात खाली शेजारचे महादेवराव आपल्या वावरात दिसले.

"ओ महादेवराव!" भगवंतरावांनी हाक मारली.

महादेवरावांनी बांधाकडे पाहिलं, विहिरीत डोकावलं, बैलाकडेसुद्धा संशयानं पाहिलं. वर काही पाहिलं नाही. भगवंतराव हसता हसता गवतावर आडवे झाले. झापायचं राहूनच गेलं.

"अजून किती राह्यलं वं?" त्यांनी विचारलं.

"बरंच आहे, बाबा."

"मंग बसली काऊन? चाल!"

शेवटच्या चढाला उन्हं कलली होती. पाय थरथरत होते, हसू आवरत नव्हतं. एकमेकांचे हात धरून तिघं माथ्यावर आली. संजीवनीनं मोबाईल पाहिला आणि किंकाळीच फोडली, "झालं! कळसूबाई झाली!"

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला आणि फुगडीला हात पुढे केले. संजीवनीनं ते धरले. दोघी गरगरल्या, डोंगर गरगरला, भगवंतराव टाळ्या पिटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही ओसरीच्या पायरीशी अडकली. कुणाचाच गुडघा वाकेना.

"तुमी आधी उतरा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"तू उतर."

गलका ऐकून शेजारच्या बनाबाई धावत आल्या तेव्हा तिघंही भिंतीला धरून हसत होती, आणि काय झालं ते सांगायला एकालाही जमत नव्हतं.