तिथेच घासायचं

त्या काळी सरकारी दवाखान्यात दातांची खोली जिन्याखाली होती. वरून कुणी घाईने उतरलं की आत बसलेल्यांच्या डोक्यावर धाडधाड आवाज व्हायचा. बाहेरच्या बाकावर आठवीच्या मुली ओळीने बसल्या होत्या. शेवटून दुसरी खारू. पुढचे दोन दात ठसठशीत, म्हणून वर्गाने तिला खारूताई केलं आणि घरानेही ते नाव उचललं.

तिचा एकही दात दुखत नव्हता. कीड लागायच्या आधीच काळजी घ्यावी म्हणून शाळेने सगळ्यांनाच पाठवलं होतं. तरी आत जायची तिला भीती वाटत होती. चार महिने झाले, दात घासताना खालच्या हिरडीतून रक्त येत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आईचे सगळे दात छत्तिसाव्या वर्षी काढावे लागले होते. आधी रक्त येतं, मग हलतात, मग जातात, असं आई मावशीला सांगत होती ते खारूने दाराआडून ऐकलं होतं. आपल्या घराण्यात दात टिकतच नाहीत, हे तर आई येताजाता म्हणायची. म्हणून खारूने आपल्या परीने तोड काढली. रक्त येतं तिथे ब्रश लावायचाच नाही.

बाकावर कुजबुज चालली होती. आत लाल गोळी चावायला देतात, जिथे नीट घासलेलं नसतं तिथे दात रंगतात, काही म्हणता काही लपत नाही.

"तुझ्या पुढच्या दोघांनाच गोळ्यांची अख्खी बाटली लागेल गं," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. खारूही हसली, ओठ मिटून.

आत दातांच्या बाई होत्या. जाड चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खारूने गोळी चावली, चूळ भरली. बाईंनी तोंडात डोकावून पाहिलं आणि न बोलता आरसा तिच्या हातात दिला. बाकीचं तोंड लख्ख होतं. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी मात्र लालभडक पट्टा.

"ब्रश इथे आला की घाबरतो काय गं?"

खारूने आरसा खाली ठेवला. रक्त, आईचे दात, घराणं, जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं तिने हुंदके देत एका दमात सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवा ब्रश काढला.

"घास. तिथेच."

"रक्त येईल."

"येऊ दे. घासत नाहीस म्हणून येतंय ते. रोज हळू हातानं घास, आठ-दहा दिवसांत थांबेल. नाही थांबलं तर माझ्याकडे यायचं. चिठ्ठीबिठ्ठी काही नको."

खारूने घासलं. भांड्यात लाल पाणी गोल फिरत राहिलं. त्यात गोळीचा रंग किती आणि रक्त किती, काही कळेना.

घरी तिने आईला सांगितलं. आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मीही तेच करायचे," ती म्हणाली. "रक्त दिसलं की ब्रश ठेवून द्यायचे. मला कुणी बोललंच नाही गं."

पहिले चार दिवस रक्त कमी व्हायचं नाव घेईना. पाचव्या दिवशी वाटलं, वाढलंच. बाईंचंच चुकलं असेल तर, या विचाराने खारूला घास गिळवेना. आठव्या सकाळी ती मोरीपाशी उभी राहिली, घासलं, थुंकली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"आई, तू बघ."

आई दात न बसवता कुणासमोर येत नसे, खुद्द बाबांसमोरही नाही. त्या दिवशी ती उठली तशीच आली आणि वाकून मोरीत बघू लागली.

"आहे?" खारूने विचारलं.

"आहे." शब्द बोळक्या तोंडातून फसफसत आला. "दोऱ्याएवढं. काल बोटभर होतं म्हणालीस."

खारूने डोळे उघडले. आरशात तिच्या शेजारी आईचं आत गेलेलं तोंड होतं. तिने ते कधीच पाहिलं नव्हतं. तिने ब्रश पुन्हा तिथेच टेकवला.