डबल बेल

आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेल्या काकांनी आईचं अडगळीतलं शिलाई मशीन चालू करायचा चंग बांधला. तेलपाणी झालं, नवा पट्टा चढला आणि स्वारी उशीचा अभ्रा घेऊन ऐटीत बसली. पण पायडल मारलं की दोरा तुटायचा. त्यांनी दोऱ्याला नावं ठेवली, सुईला ठेवली, वारलेल्या आईलाही सोडलं नाही.

काकू वाटाणे सोलत गंमत बघत होत्या. "अहो, चाक उलटं फिरतंय. गाडी रिव्हर्समध्ये आहे तुमची! आधी हाताने चाक आपल्याकडे फिरवा, मग पाय मारा."

तसं करताच मशीन खडखडत सुटलं. एक बाजू झकास शिवून झाली. काकांनी अभ्रा वळवला आणि ढिम्म बसून राहिले.

"आता काय अडलं?"

"कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलते का कधी?"

काकूंनी कपाळावर हात मारला आणि चमचा वाटीवर दोनदा वाजवला. टिंग टिंग! मशीन लगेच निघालं.

हा माणूस घरातल्या एकाही कामाला आपणहून का हलत नाही, हे काकूंना इतक्या वर्षांनी तेव्हा कुठे उमगलं. त्यांनी चमचा पदराला पुसून जवळच ठेवला. भांडी अजून घासायची होती.