तोंडाची साक्ष

“काशीराम, खरं सांग. माजं जाळं तू कापलंस काय?”

भिकाजी तांडेलाने जमातीच्या भर बैठकीत विचारलं आणि आमच्या ह्यांचं तोंड लालबुंद झालं. गोरा माणूस, लपवणार कुठे! मानेपासून लाली चढली ती थेट कपाळापर्यंत. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

“बघा, बघा! चोराच्या मनात चांदनं!” मागून कुणीतरी म्हणालं आणि देवळाच्या पडवीत हशा पिकला.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं ते वर्ष. भिकाजीचं नवंकोरं जाळं किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात ठेवलेलं, ते दोन दिवसांपूर्वी फाटलेलं सापडलं. आदल्या आठवड्यात ह्यांची त्याच्याशी होडीवर बाचाबाची झालेली, म्हणून संशय ह्यांच्यावर. जमातीने दोषी ठरवलं असतं तर रत्नागिरीच्या बंदरात एकाही होडीवर ह्यांना कुणी घेतलं नसतं. मग आम्ही काय वाळू चघळायची?

आता हे खरं, की आमचे हे चार माणसांत बोलायला उभे राहिले की लाल होतात. वादळात शीड उतरवायला सांगा, हूं की चूं नाही. पण लोकांचे डोळे तोंडावर खिळले की संपलं. असं का होतं? वैद्य म्हणाला, पित्त. कसलं पित्त न् काय! मला विचाराल तर ह्यांना लोकांची किंमत जरा जास्तच वाटते.

जमातीत बायकांनी मागे बसायचं आणि गप्प राहायचं, अशी आमच्याकडची रीत. गेली रीत खड्ड्यात! मी उठले.

“भिकाजीमामा, जाळं कुटं हाय?”

“जाळ्याचं काय घेऊन बसलीस, ठमे? घोवाचं त्वांड बघ की!”

“त्वांड मी धा वर्सं बघतेय. लग्नात माजं नाव घ्यायला हुबे ऱ्हायले, तवापन असंच लाल झालं हुतं. तवा कुनाचं जाळं कापलं हुतं त्येनी? आना ते जाळं!”

पुन्हा हशा झाला, पण या खेपेला आमच्या बाजूने. जाळं आलं. मी ते अंगणात उन्हात उलगडलं आणि तुटलेली टोकं बोटांनी चाचपली. जन्म गेला माझा जाळी विणण्यात.

“सुरीचा घाव सरळ आसतो, मामा. ही टोकं बघा, कुरतडलेली. आनि घडीत ह्या उंदराच्या लेंड्या. का ह्यापन माज्या घोवानंच टाकल्या?”

भिकाजी खाली वाकला, एकेक टोक उजेडात धरून बघितलं. दोन दिवस अख्खी वाडी ह्यांच्या तोंडाकडे बघत होती, जाळ्याकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. पण माणूस भला. “चुकलं माजं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “काशीराम, उद्या होडीवर ये.”

आम्ही माडांतल्या वाटेने घरी निघालो. मी तर ताठ मानेने चालले होते. हे मात्र खाली बघत होते.

“तुला कशी गं लाज वाटत नाय, येवड्या लोकांत?” ते म्हणाले. “मी बापय मानूस आसून माजं त्वांड उगडत नाय.” त्यांचे डोळे भरून आले.

माझा जीव तुटला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या कानाला लावला. त्यांनी तो चटकन मागे घेतला.

“अगं, केवडा तापलाय!”

“मंग? काळ्या कातडीवर दिसत नाय, येवडंच.”

ते थांबले. मग त्यांनी माझ्या दुसऱ्या कानालाही हात लावून बघितला.