गोष्टीतली गर्दी

दर तीन मिनिटांनी घंटा वाजायची आणि आमची अख्खी रांग एकेक खुर्ची डावीकडे सरकायची. समोरची रांग मात्र जागेवर ठाण मांडून. ह्याला म्हणे ओळखीची फेरी म्हणतात. संस्थांसाठी देणग्या गोळा करणाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र यावं, कामातलं नवीन काही शिकावं, चार ओळखी कराव्यात, म्हणून भरवलेलं हे दोन दिवसांचं शिबिर. चाळिशी उलटलेली मी तिथे संगीतखुर्ची खेळत होते, तीही संगीताशिवाय.

समोरच्या रांगेत देणारे, आमच्या रांगेत मागणारे. देणारे पाठ टेकून बसले होते. आम्ही सगळे खुर्चीच्या कडेवर, गुडघ्यावर कार्डांचा गठ्ठा घेऊन. माझा उजवा पाय सकाळपासून एकसारखा हलत होता. शेजारी बसलेला गृहस्थ लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी पैसे जमवतो. त्याला मुळी तोंड उघडावंच लागत नाही, बाळाचा फोटो पुढे केला की काम झालं. तो मला म्हणाला, "ताई, पाय जरा थांबवता का? माझी खुर्ची हलतेय." मी पाय थांबवला. मग बोटं सुरू झाली.

मला स्वस्थ बसवत नव्हतं ह्याला कारण होतं. मी ज्याच्यासाठी मागते ते विसराळू म्हाताऱ्यांचं दिवसाचं केंद्र आहे. सकाळी नऊला माणूस आणून सोडायचं, संध्याकाळी सहाला न्यायचं. एक मोठा हॉल, दोन सिस्टर, अठ्ठावीस म्हातारे. आमच्या जुन्या देणगीदाराने यंदा अंग काढून घेतलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत दुसरं कोणी उभं राहिलं नाही तर केंद्राला कुलूप लागणार होतं. त्या अठ्ठाविसांतले एक माझे बाबा. हे शिबिरात कोणाला माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं. स्वतःच्या घरासाठी मागते आहे असं दिसलं की समोरचा माणूस पाकीट परत खिशात सारतो, हे मी ह्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकले.

दुसरी गोष्ट शिकवली ती टाळ्याबुवांनी. हे आमचे प्रशिक्षक. माइक सुरू झाला तरी टाळ्या वाजवायला लावतात, चहा आला तरी लावतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझी गोष्ट लिहून घेतली होती आणि लाल पेनाने तिचा निकाल लावला होता. "गोष्टीतली गर्दी कमी करा," ते म्हणाले होते. "एक माणूस, एक अडचण, एक आशा. मुलगी, जावई, शेजारी कशाला? माणूस एकटा दिसला पाहिजे. ज्याला मुलगी आहे त्याच्यासाठी मी का देऊ?" मी मुलगी खोडली. खोडताना काहीच वाटलं नाही. उलट गोष्ट सुटसुटीत झाली म्हणून बरंच वाटलं.

घंटा वाजली. मी सरकले आणि समोर एका मोठ्या ट्रस्टच्या बाई आल्या. ह्याच. ह्यांच्यासाठीच मी आले होते. पांढरे आखूड केस, गळ्यातल्या दोरीला चष्मा, आणि चेहरा असा की आतापर्यंत दहा जणांची रडगाणी ऐकून त्यांना फक्त तहान लागली असावी.

मी पाणी पुढे केलं आणि सुरुवात केली. "आमच्याकडे एक आजोबा आहेत. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले त्यांनी. दुकानांतले, दवाखान्यांतले, नुकती जन्मलेली बाळं ठेवतात ते. आता त्यांना आजचा वार आठवत नाही, जेवलो की नाही आठवत नाही. पण तळहातावर कप ठेवा, ते वजन सांगतात. आमच्या सिस्टरनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून पाहिलं. चार-पाच ग्रॅमच्या वर चूक नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "खरंच?"

"खरंच. सगळं गेलं, तळहात राहिला."

हे वाक्य माझंच, आणि ते दर वेळी लागू पडतं. मला त्याची थोडी लाजही वाटते. बाई पुढे वाकल्या. "घरी कोण आहे त्यांच्या?"

इथे माझी जीभ आपोआप चालली. दोन वर्षं घोटून पाठ केलेली गोष्ट होती ती, तिच्यात मुलगी नव्हतीच. "कोणी नाही," मी म्हटलं.

"अरेरे. मग त्यांची गोष्ट सांगायला संमती कोणी दिली? आमच्याकडे संमतीपत्र लागतं. काय होतं, लोक म्हाताऱ्यांना न विचारताच त्यांच्या कहाण्या वाटत फिरतात."

"आहे ना. त्यांचीच सही आहे," मी म्हणाले. एका खोट्याच्या पाठीवर दुसरं बसलं. सत्तावीस जणांची संमतीपत्रं माझ्या कपाटात फाइलला लावलेली आहेत. अठ्ठाविसावं मी कधी भरलंच नाही. स्वतःच्या बापाची परवानगी कसली घ्यायची, असं वाटलं होतं.

"उत्तम. उद्या सकाळी अकराला मी येते. आजोबांना भेटते, कागद बघते. ह्या खेपेला एकाच संस्थेला द्यायचं आहे आम्हाला, आणि खरं सांगू का, आज पहिल्यांदाच कोणाला तरी भेटावंसं वाटलं."

घंटा वाजली. सरकायचं मला सुचेना. हृदयवाल्या गृहस्थाने कोपराने ढोसलं तेव्हा उठले.

खरं तर मी हवेत असायला हवं होतं. केंद्र वाचलं होतं जवळजवळ. पण जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन हॉलच्या चार फेऱ्या मारल्या आणि तसंच ठेवून दिलं. मनातल्या मनात उद्याची मांडणी चालली होती. बाबांना उद्या केंद्राच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी आणून सोडायचं. मी कार्यालयात बसायचं, हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. सिस्टरना समजवायचं. आणि बाबांनी मला हाक मारली तर? तशी भीती नव्हती म्हणा. चांगल्या दिवशी ते मला 'बाई' म्हणतात, वाईट दिवशी 'सिस्टर'. ह्या विचाराने मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःची अशी किळस आली की हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहता ठेवला.

दुपारी टाळ्याबुवांना कुठून तरी वार्ता लागली. त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "ऐका, ऐका! गर्दी कमी केली की काय होतं बघा! सांगा ताई, ती काट्यांची गोष्ट." मी सांगितली. दीडशे माणसं, सगळी ह्याच धंद्यातली, तरी दोघींनी डोळे पुसले. टाळ्या संपेचनात. खिशातला फोन थरथरला. सिस्टर होत्या. मी स्टेजवरूनच कानाला लावला.

"ताई, बाबा आज अस्वस्थ आहेत हो. सारखे दाराशी जातात. तुम्ही लवकर येता का?"

"निघतेच," म्हटलं. पण पुढच्या सत्राला नाव लिहिलं होतं, मग कार्डं देण्याघेण्याचा सोहळा, मग सगळ्यांचा एकत्र फोटो, त्यात टाळ्याबुवांनी मला मुद्दाम मधे उभं केलेलं. सुटले तेव्हा सहा वाजून गेले होते. रिक्षा मिळेना. अर्धा रस्ता चालत, अर्धा पळत गेले. गळ्यातला नावाचा बिल्ला काढायचंही सुचलं नाही, तो छातीवर आपटत राहिला.

पोचले तेव्हा सातला दहा कमी होते. हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. मधोमध एकच खाली होती आणि तिच्यावर बाबा, मांडीवर पिशवी, पायांत बूट. तळहातावर चमचा धरून बसले होते. सिस्टर भिंतीशी पर्स घेऊन उभ्या.

"बत्तीस," बाबा चमच्याबद्दल म्हणाले.

मी स्टूल ओढून समोर बसले आणि कोरं संमतीपत्र काढलं. ठरवूनच आले होते. सही घ्यायची, आणि 'जवळचे नातेवाईक' ह्या रकान्यात 'कोणी नाही' लिहायचं. पण निदान विचारून तरी घ्यावं, असं वाटलं.

"बाबा, मी लोकांना एक गोष्ट सांगते. ती सांगितली तर चालेल का, ते तुम्ही सांगा."

"सांग की."

आणि मी सांगितली. तीच, तशीच, ट्रस्टच्या बाईंना सांगितली त्याच शब्दांत. वजनकाटे, दवाखाने, बाळं, कप, तळहात. आणि शेवटी, त्याला कोणी नाही. बाबा मन लावून ऐकत होते. काट्यांच्या उल्लेखाला दोनदा मान डोलावली, ओळखीच्या माणसाचं नाव निघाल्यासारखी.

"बिचारा," ते म्हणाले.

"हं."

"म्हणजे सकाळी येतो, दिवसभर इथे बसतो?"

"हो."

त्यांनी रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. "मग संध्याकाळी त्याला घरी कोण नेतं?"

दीडशे माणसांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. सिस्टरनी तोंड फिरवलं. मी कागद हातात धरून बसले आणि मग रडूच फुटलं, अगदी ढसाढसा. बाबांनी गोंधळून मला चमचा दिला.

थोड्या वेळाने मी बाईंना फोन लावला. घंटी वाजत होती तेव्हा ठेवून द्यावा असं दोनदा वाटलं.

"त्या आजोबांना मुलगी आहे," मी म्हटलं. "मीच ती. आणि सही नाहीये. मी कधी विचारलंच नव्हतं त्यांना."

"म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

"का?"

"गोष्टीत गर्दी नको म्हणून. मी जन्मले तेव्हा दवाखान्यात माझं वजन केलं, तो काटा आदल्या आठवड्यात बाबांनीच दुरुस्त केला होता. हे वाक्य होतं गोष्टीत. मी काढून टाकलं. मलाच काढलं, मग तेही काढावं लागलं."

बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "येते की नाही, ते सकाळी कळवते," आणि फोन ठेवला. आवाजावरून काहीच अंदाज येईना. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांचीही नोकरी त्या फोनला टांगलेली होती. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या आणि दिवे मालवायला गेल्या.

मी बाबांची पिशवी खांद्याला लावली आणि त्यांना हात दिला. पायऱ्यांवर ते थांबले. मागे वळून अंधाऱ्या हॉलकडे बघत राहिले.

"चला ना," मी म्हटलं.

"तो आहे ना आत? काटेवाला. त्याला न्यायला आलं का कोणी?"

"आली," मी म्हटलं. "त्याची मुलगी आली. जरा उशीर झाला तिला."