डिंभ्याच्या गाडीची वाट

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. अंग लाकडाचं, पाय लोखंडाचे. जुन्या हायवेवरून डिंभ्याकडे रस्ता वळतो, त्या फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये मी राहतो. तुमच्यापैकी काहीजण माझ्यावर बसलेही असतील, पण माझ्याकडे कोणी नीट पाहिलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. बाकाकडे कोण पाहतं? मात्र चपला घालून माझ्यावर उभं राहणाऱ्या पोरांचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

शेडच्या समोर मदनलाल शेठचं कापडाचं दुकान आहे. पूर्वी दुकानांना शटर नव्हतं. उंच फळ्या खाचेत एकापाठोपाठ एक सरकवून दुकान बंद करायचे आणि कोणती फळी कुठे जाते ते कळावं म्हणून तिच्यावर आकडा घालायचे. मी तेव्हा अशा पाच फळ्या होतो. शटर आलं आणि आम्ही माळ्यावर जाऊन पडलो. काही वर्षांनी शेठची आई सज्जनबाई वारल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. गाडीची वाट बघत उभं राहणं त्यांना जमत नसे, म्हणून त्या शेडमध्ये चक्क जमिनीवर बसायच्या. ते शेठच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांनी सावळेराम सुतारांना बोलावलं, माळ्यावरच्या फळ्या दिल्या आणि त्यातून मी झालो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं, 'कै. सज्जनबाई यांच्या स्मरणार्थ'. सावळेरामांनी चार नंबरची फळी घाईत उलटी बसवली, त्यामुळे तो आकडा अजून वर दिसतो. मुलं त्यावर बोट फिरवतात, मला गुदगुल्या होतात.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. पुण्याच्या, नाशिकच्या गाड्या फाट्यावर थांबायच्या. मिसळीची चार हॉटेलं होती, भेळेच्या गाड्या होत्या, रसवंती होती. लग्नाच्या दिवसांत तर माझ्यावर बस्त्याच्या पिशव्यांचा डोंगर व्हायचा. म्हाताऱ्या बायका टेकल्या की, "सज्जनबाईचं भलं होवो," म्हणायच्या. ते ऐकून मला उगाच ताठ व्हायला व्हायचं. डिंभ्याची गाडी तेवढी कधी वेळेवर येत नसे. कधी तासाने, कधी दोन तासांनी, कधी येतच नसे. त्यामुळे माझ्यावर कोणी किती वेळ बसलं, याचं कोणाला नवल नव्हतं. जाणारा-येणारा एवढंच विचारायचा, "गाडी आली नाय का अजून?" नाही म्हटलं की तो आपल्या वाटेने जायचा.

मित्रांनो, ही रीत लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळेच पुढे घोटाळा झाला.

गावाबाहेरून बायपास झाला. चांगलाच रस्ता आहे म्हणतात, मी कुठे पाहिलाय? पण मोठ्या गाड्या तिकडून जाऊ लागल्या. आधी रसवंती गेली, मग एकेक हॉटेल. शटरवर 'भाड्याने देणे आहे' असे कागद लागले आणि ते कागदही उन्हाने पिवळे पडले. हॉटेलांमध्ये काम करणारी माणसं तिथेच मागच्या खोल्यांमध्ये राहायची. काम गेलं तशी खोलीही गेली. काही गावी परतले. ज्यांना गाव नव्हतं ते बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पथारी टाकू लागले. पंक्चर काढणारा एकजण बायको-मुलासह आपल्या टपरीतच राहू लागला. आचारी, वाढपी, गाड्या धुणारी पोरं, सगळी ओळखीची माणसं होती. आता लोक त्यांच्याकडे न बघता जाऊ लागले. फाट्यावर कोणाला विचारा, सगळे ठामपणे सांगायचे, की बेघर माणसं पुण्या-मुंबईत असतात, आपल्याकडे प्रत्येकाला कुठेतरी घर असतंच.

त्याच सुमारास प्रयागबाई आल्या. साठी ओलांडलेली, नेटकं नऊवारी, केस चापून बांधलेले, हातात कापडी पिशवी आणि छत्री. माझ्या एका कडेला त्या अंग चोरून बसल्या. कोणीतरी सवयीने विचारलं. त्या म्हणाल्या, डिंभ्याला जायचंय, बरोबर बाई यायचीय, ती आली की निघू. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच होत्या, तिसऱ्या दिवशीही. सकाळी मजुरांच्या पिकअपमधून कांदे निवडायला जायच्या आणि दिवस मावळायला परत माझ्यावर. समोरच्या नळावर पदर भिजवून तोंड पुसायच्या. पिशवी उशाला घेऊन कधी आडव्या व्हायच्या ते फक्त मला ठाऊक होतं, कारण दुकानं उघडायच्या आत त्या पुन्हा ताठ बसलेल्या असायच्या. चार महिने असे गेले. रोज त्यांना कोणी ना कोणी गाडीचं विचारायचं आणि रोज सगळ्यांचं समाधान व्हायचं. मला सगळं कळत होतं. बोलता येत असतं तर मी केव्हाच बोललो असतो.

शेठच्या दुकानाशेजारी संपतचं केस कापायचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक कमी झाल्यापासून त्याचा जीव घाबरा झाला होता. त्याने दुकानदारांना जमवलं आणि सांगितलं, की ही पायऱ्यांवरची माणसं उद्या शेडमध्ये येऊन झोपतील, मग बायाबापड्या इथे उभ्या राहणार नाहीत, होतं नव्हतं तेही गिऱ्हाईक जाईल. उपाय त्यानेच काढला. बाकावर दोन ठिकाणी लोखंडी दांडे बसवायचे, म्हणजे बसता येईल पण आडवं होता येणार नाही. कोणी विचारलंच तर म्हाताऱ्यांना हात टेकायला केलेत म्हणायचं. बाक शेठच्या आईच्या नावाचा, म्हणून शेठची परवानगी घ्यायला गेले. शेठना ते फारसं रुचलं नव्हतं, पण सगळ्यांचं मन मोडवेना. ते हो म्हणाले.

वेल्डिंगवाला आला तेव्हा प्रयागबाई माझ्यावरच बसल्या होत्या. संपत त्यांना अगदी आदराने म्हणाला, "मावशी, जरा उठता का? तुमच्या गाडीला वेळ हाय अजून." त्या उठल्या. दांडे बसेपर्यंत पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि ठिणग्यांकडे बघत राहिल्या. मला चटके बसले ते मी विसरलो. त्यांचं ते उभं राहणं मात्र मी विसरलेलो नाही.

त्यानंतर त्या बसूनच राहू लागल्या. आठ दिवसांत पाय सुजले, डोळे आत गेले. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून शेठ शेडमध्ये येऊन टेकले. दोघांच्या मधे नवा दांडा होता. गप्प कसं बसायचं, म्हणून आपल्याकडे बाईमाणसाला जे विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"ताई, माहेर कुठलं तुमचं?"

"शिवरवाडीचं."

शेठ चमकले. त्यांचे वडील कापडाचं गाठोडं घेऊन त्या बाजूच्या बाजारांना जायचे.

"शिवरवाडी तर धरणात गेली ना?"

"व्हय. पाणी लईच उतरलं तर आमच्या उंबऱ्याचा दगूड दिसतो म्हणत्यात. मी नाय पाह्यला."

"मग डिंभ्याला कुणाकडं चाललाय?"

प्रयागबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "कुणाकडं नाय शेठ. नुसतं बसलं का लोक उठवत्यात. गाडीची वाट बघणाऱ्याला कुणी उठवत नाय."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. येडगावच्या बाजूला हायवेच्या कडेला नवरा-बायकोचं चहा-वड्याचं हॉटेल होतं. मागच्या खोलीत संसार होता. बायपास झाला, धंदा बसला, त्या धसक्याने नवरा गेला. मग जागेच्या मालकाने जागा विकली आणि खोली पाडली. मूलबाळ नाही. भाऊ धरणग्रस्त म्हणून लांब कुठे गेला होता, तोही वारला. ओळखीच्या गावात असं बसायला लाज वाटली, म्हणून त्या इथे आल्या. सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगत होत्या.

शेठनी मधल्या दांड्यावरचा हात झटकन काढून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानामागची खोली रिकामीच होती. तेव्हाच्या तेव्हा त्यांनी तिची किल्ली बाईंच्या हातात ठेवली असती तर ही गोष्ट इथे संपली असती. पण त्यांना वाटलं, एकट्याने का, सगळ्यांनी मिळून करू. ते तरातरा रस्ता ओलांडून संपतकडे गेले आणि मोठ्याने सांगू लागले, की अरे, त्या बाईला घर नाही, चार महिने ती बाकावर राहतेय, आपण माणसं आहोत का कोण.

दहा मिनिटांत सात-आठ जण माझ्यासमोर गोळा झाले. खरं सांगतो मित्रांनो, एकाच्याही मनात वाईट नव्हतं. संपत तर रडवेला झाला होता. कोणी बिस्किटाचा पुडा आणला, कोणी जुनं लुगडं आणते म्हणून घरी पळाली. एकाने मोबाइल काढला, ग्रुपवर फोटो टाकू, मदत गोळा होईल म्हणाला. प्रयागबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांना कधी एवढ्या माणसांनी एकदम पाहिलं नव्हतं. चार महिने त्यांनी जपलेलं एकच सोंग होतं आणि ते भर दुपारी सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

आणि नेमकी त्याच वेळी डिंभ्याची गाडी आली. कंडक्टर भरत दारातून ओरडला, "डिंभे, डिंभे."

प्रयागबाई उठल्या. निऱ्या सारख्या केल्या, पिशवी आणि छत्री घेतली. लोक बाजूला झाले. शेठ म्हणाले, "ताई, थांबा. माझ्याकडं खोली आहे."

त्या पायरीवर चढल्या, वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गाडी आली शेठ. हिचीच वाट बघत व्हते."

गाडी गेली. लोक थोडा वेळ उभे राहिले आणि मग एकेक करून पांगले. बिस्किटाचा पुडा माझ्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा शेठ शेडमध्येच होते. त्यांनी भरतला विचारलं. तो म्हणाला, "त्या मावशी ना? डिंभ्याच्या स्टँडवर बसल्यात. कुठं जायचं विचारलं तर म्हणल्या, परतीच्या गाडीची वाट बघतेय." शेठनी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच गाडीत बसले. संध्याकाळी ते एकटेच उतरले. संपत धावत आला. शेठनी त्याला सांगितलं, की त्यांनी हात जोडले, खोलीची किल्ली पुढे केली, कोणाला काही बोलणार नाही अशी आईची शपथ घेतली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं शेठ. मी मागच्या गाडीनं येते."

त्या आठवड्यात शेठनी दांडे कापून घेतले. कापलेल्या जागी माझ्या अंगावर दोन काळे व्रण आहेत. आता शेठ दुपारी माझ्यावर येऊन बसतात. किल्ली त्यांच्या खिशात असते. डिंभ्याकडून गाडी आली की उठून दारापर्यंत जातात, उतरणारी माणसं बघतात आणि परत येऊन बसतात. हे मी उन्हाळ्यापासून बघतोय.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, चपला घालून माझ्यावर चढू नका, हे तर मी सांगणारच, तो माझा हक्क आहे. पण खरं मागणं वेगळं आहे. एखादं माणूस रोज त्याच जागी बसलेलं दिसलं, तर एक प्रश्न विचारून पुढे जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा. जे कळेल ते पोटात ठेवा आणि जे देता येईल ते गाजावाजा न करता त्याच्या हातात द्या. घर गेलेल्या माणसाकडे तेवढी अब्रूच उरलेली असते. ती आम्ही चांगल्या मनाने घालवली आणि प्रयागबाई अजून आलेल्या नाहीत.