रविवारी दहाची गोळी

"घेतली का?"

"घेतली."

"दुधाबरोबर?"

"दुधाबरोबर. वर लोणी लावून दोन टोस्टही खाल्ले. रिकाम्या पोटी घ्यायची नाही म्हणून तुझ्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे ना."

"माझ्या कुठल्या, तुमच्याच डॉक्टरीणबाई," फोनमधून मुलगा म्हणाला आणि हसला.

अंधारकाकाही हसले. हसता हसता त्यांनी डाव्या मुठीतली पिवळी गोळी समोरच्या काळ्या पत्र्याच्या डब्यात हळूच सोडली. डब्यात आधीच्या सहा होत्या. सातवी टणकन वाजली, तसा त्यांनी घाईघाईने फोनवर तळवा धरला. न जाणो, आवाज पलीकडे जायचा.

आता तुम्ही म्हणाल, पोटच्या मुलाशी धडधडीत खोटं बोलणारा हा कसला बाप! थांबा जरा. ह्या माणसाने एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी रजा टाकली नव्हती. बायको गेली तेव्हासुद्धा हक्काच्या पंधरा दिवसांतले सहा दिवस शिल्लक ठेवून तो कामावर हजर झाला होता. घरी बसून करायचं काय, असं त्याला वाटलं होतं.

अंधारकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. ते मोठ्या इस्पितळात एक्स-रे धुवायला होते. तळघरात, डार्करूममध्ये. तांबड्या दिव्याच्या उजेडात फिल्म क्लिपांना अडकवायची, औषधात बुडवायची, चार मिनिटांनी काढायची, धुवायची, वाळत घालायची. हात ओले, भिंतीवरचं घड्याळ दिसायचं नाही, म्हणून काका तोंडातल्या तोंडात आकडे मोजत. दोनशे चाळीस झाले की फिल्म बाहेर. तिथे असेतोवर त्यांचा आकडा कधी चुकला नाही. पुढे संगणक आले, फिल्मा गेल्या, डार्करूमला कुलूप लागलं. काकांना मात्र कुणी वर आणलं नाही. त्याच तळघरात, शेजारच्याच खोलीत, जुन्या एक्स-रेंची पाकिटं सांभाळायला बसवलं. सकाळी आठला खाली उतरायचं आणि पाचला वर यायचं. लिफ्टमन त्यांना रोज विचारायचा, "काय अंधारकाका, वर ऊन पडलंय, थोडं पुडीत बांधून देऊ का?" काकाही रोज म्हणायचे, "दे, पण सुटं दे." दोघांचाही हा विनोद इतका जुना झाला होता की हसायचं राहून जाई.

मग पायऱ्या चढताना मांड्या दुखायला लागल्या. पाठ धरली. घरी आल्यावर दिवा लावायचाही कंटाळा येऊ लागला. पंचावन्नच्या पुढच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी निघाली, त्यात रक्त काढलं. ड जीवनसत्त्व सात आलं.

"सात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "अहो काका, तीस तरी हवं. तुम्ही माणूस आहात की बटाटा? आयुष्यभर जमिनीखाली!"

आठवड्याला एक, अशा आठ गोळ्या त्यांनी लिहून दिल्या. न्याहारीनंतर, दुधाबरोबर. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त.

काकांनी हे मुलाला कळवलंही नसतं. पण त्याच आठवड्यात त्याचा फोन आला, आणि बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी सांगून टाकलं. बापलेकांचं हे असंच होतं. आई होती तोवर तो आईशी अर्धा अर्धा तास बोलायचा, मग फोन काकांच्या हातात यायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे." "ठेवतो मग." आई गेल्यावर मधला अर्धा तास गळाला आणि शेवटचं तेवढं उरलं. महिन्या-दीड महिन्याने एकदा.

पण गोळीचं ऐकल्यावर मुलगा एकदम सावध झाला. "आठवड्यातून एकदा म्हणजे तुम्ही हमखास विसरणार. रविवारी दहाला न्याहारी करता ना? मी दहाला फोन करीन. माझ्यासमोर घ्यायची."

आणि खरंच, रविवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजला. "घेतली का?" गोळी काकांच्या हातातच होती. मग दुधावरून गोष्ट निघाली, दुधावरून मुलगा लहानपणी साय बशीखाली लपवायचा ते निघालं. काका सवयीने मनात मोजत होते. तीनशे दहा झाले, तरी फोन चालूच! आई गेल्यापासून इतकं ते दोघं बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर काकांच्या लक्षात आलं, गोळी अजून हातातच आहे. त्यांनी ती तोंडाजवळ नेली आणि पाकिटाकडे पाहिलं. सात उरल्या होत्या. म्हणजे सात रविवार. मग आकडा वर जाणार, आणि आकडा वर गेला की केस बंद. बंद केसच्या पाकिटावर लाल फुली मारून ते मागच्या रॅकवर जातं आणि तिथून ते पुन्हा कुणी मागत नाही, हे काकांइतकं कोणाला ठाऊक असणार?

गोळी त्यांनी क्लिपांच्या जुन्या डब्यात टाकली. पुढच्या रविवारी दुसरी टाकली.

आणि काय चमत्कार सांगू! गोळी पोटात नसताना माणूस सुधारायला लागला. शनिवारी दाढी व्हायला लागली, कारण रविवारी फोन. वाण्याकडून ताजं लोणी यायला लागलं, कारण मुलगा विचारतो. आठवडाभरात काय काय सांगायचं ते काका एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवू लागले. लिफ्टमनने खरोखर पुडी बांधून आणली, उघडली तर आत बडीशेप, ते सांगायचं. शेजारच्या खोलीला ओल आली, ते सांगायचं. मुलगाही बोलायचा. त्याच्या कारखान्यातला मुकादम, त्याच्या बायकोचं गाडी शिकणं. मधूनमधून तो जांभई द्यायचा, पण काकांना वाटे, दमत असेल बिचारा दिवसभर. आठव्या रविवारी फोन नऊ मिनिटं चालला. काकांनी मोजला.

आठ झाल्या. सोमवारी रक्त दिलं. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं.

"या या, काका! झोप कशी आहे?"

"लागते."

"पाय?"

"पाय दुखतात तसे. चालायचंच."

"आणि मन? मागच्या वेळी म्हणाला होतात, कशातच लक्ष लागत नाही."

"मन छान आहे," काका म्हणाले आणि लाजले.

"दिसतंयच की! चेहऱ्यावर तकाकी आलीय. म्हणजे गोळी मानवली तुम्हाला." बाईंनी रिपोर्ट उघडला. एकदा वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. "हे कसं शक्य आहे? आधी सात होतं, आता साडेसहा? नक्की नमुना बदललाय. ती नवीन मुलगी आलीय ना रक्त काढायला, धांदरट दिसते. बोलावते तिला."

बाईंचा हात फोनकडे गेला. ती पोरगी नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. सुई टोचताना तिने काकांना दोनदा विचारलं होतं, दुखतंय का म्हणून.

"तिला नका बोलावू," काका म्हणाले. "तिचं काही चुकलेलं नाही. गोळ्या डब्यात आहेत."

"कुठल्या डब्यात?"

"माझ्या. आठच्या आठ."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का हो काका?"

"संपल्या असत्या."

बाईंना काही उमजलं नाही. मग काकांनी सगळं सांगितलं. मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखं, दहाच्या फोनपासून बडीशेपेपर्यंत.

"मुलाला सरळ सांगा ना, दर आठवड्याला फोन करत जा म्हणून," शेवटी त्या म्हणाल्या.

"कारण काय सांगू?"

"बाप आहात तुम्ही. कारण कशाला लागतं?"

"आमच्यात लागतं," काका म्हणाले.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "हे बघा. ह्या गोळीने मनाला बरं वाटतं का, ते मी छातीठोक नाही सांगू शकत. कुणाला वाटतं, कुणाला काही फरक पडत नाही. तुमचं मन कशाने सुधारलं ते तर दिसतंच आहे. पण हाडांचं मला माहीत आहे. उद्या जिन्यात घसरलात आणि खुबा मोडला, तर तुमचा मुलगा परदेशातून धावत येणार आहे का? तेव्हा येत्या रविवारपासून सुरू करा. खरंच गिळा. आणि सकाळचं थोडं ऊन घ्या. मुलाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. कागद तुमचा आहे."

काका कागद घडी करून बाहेर आले. वाटलं होतं शरम वाटेल, पण जिना उतरता उतरता त्यांना हसू फुटायला लागलं. साडेसहा! म्हणजे अजून आठ रविवार. आणि आता खोटंही बोलायला नको. कागदावर छापलेलंच आहे. ह्यावेळी गोळीही घ्यायची आणि फोनही घ्यायचा. लिफ्टमन म्हणाला, "काका, लॉटरी लागली काय?" काका म्हणाले, "तसंच समज."

रविवारी त्यांनी पावणेदहालाच दूध तापवलं. डबा उघडून एक गोळी बशीत काढली. बोलायचं वाक्य तयार होतं: आकडा काही हलला नाही रे, डॉक्टर म्हणतात आणखी आठ घ्या. दहाला फोन वाजला.

"बाबा, रिपोर्ट आला?"

काका तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडून सुनेचा आवाज आला. झोपेतला, दमलेला. "अरे, साडेचार वाजलेत. आज तरी तो अलार्म बंद ठेवायचास. अडीचला आलायस कामावरून."

"श्श. झोप तू, दोनच मिनिटं," मुलगा म्हणाला. त्याने फोनवर हात धरला असावा, पण काकांना सगळं ऐकू आलं.

"तिकडे किती वाजलेत?" काकांनी विचारलं.

"सकाळ आहे."

"किती?"

"साडेचार. त्याचं काय एवढं?"

काका ज्या वेळेच्या हिशेबात होते, ती मुलाच्या पहिल्या गावची होती. तिथे इकडचे दहा म्हणजे रात्रीची जेवणं आटोपून निवांत बसण्याची वेळ. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी बदलली, गाव बदललं, समुद्र ओलांडून तो दुसऱ्याच देशात गेला. काकांना हे माहीत होतं. फक्त तिथली वेळही बदलली असेल, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे आठही रविवार तू साडेचारला उठत होतास?"

"मग कधी उठणार? चिठ्ठीवर लिहिलंय न्याहारीनंतर, तुमची न्याहारी दहाला. शनिवारी माझी दुसरी पाळी असते. मी फोन ठेवून परत झोपतो की. ते जाऊ दे, रिपोर्ट सांगा. मी रात्रभर तोच विचार करतोय."

काकांच्या एका हातात तो कागद होता. त्यावर ठळक अक्षरात साडेसहा होतं. आपलं पोर आपल्यासाठी अंधारात उठून बसतं, हे कळून इतका आनंद होईल आणि इतकं वाईट वाटेल, असं त्यांना ठाऊक नव्हतं.

"चौतीस," ते म्हणाले.

"काय सांगता! चौतीस?"

"चौतीस. डॉक्टर म्हणाल्या, एकदम ठणठणीत."

"अगं, बाबांचं चौतीस आलं!" मुलगा बायकोला सांगत होता. त्याचा आवाज हलका झाला होता. "बघा, म्हटलं नव्हतं, नेमाने घेतली की गुण येतो? मग आता पुढच्या रविवारी..." आणि तो अडखळला.

"पुढच्या रविवारी झोप काढ," काका म्हणाले. "चांगली नऊपर्यंत. मग कधी वेळ झाला तर कर फोन. काही कारण नसलं तरी कर."

"करीन की, बाबा. नक्की करीन."

"जा, झोप आता. ठेवतो."

काकांनी फोन ठेवला. दुधावर साय धरली होती. ती बशीत काढून त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि दुधाबरोबर गिळली. गोळीला काही चव नव्हती.

पुढचा रविवार उजाडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून काकांनी खुर्ची खिडकीशी ओढली. तिथे ऊन येत होतं. शनिवारी त्यांनी दाढीही केली होती. दूध, टोस्ट, बशीत दुसरी गोळी, शेजारी फोन. दहा वाजले. काकांनी मोजायला सुरुवात केली, अगदी हळू, एकेक आकडा पुरता म्हणत. दोनशे चाळीस झाले.

मग त्यांनी गोळी घेतली, वर दूध प्यायले, आणि रिकाम्या खोलीत फोनकडे बघून म्हणाले,

"घेतली."

आणि पेला विसळायला उठले.